पत्र्याखालची पट्टी

६ सप्टेंबर

हे लिहायला घेतलं त्याचं कारण एवढंच की घरात भांडायला माणूस उरलेलं नाही. बाबांना झटका आला, उजवं अंग गेलं आणि तोंडात एकच शब्द राहिला: ‘बरं’. तहान लागली तरी ‘बरं’, पाठ अवघडली तरी ‘बरं’, मी करवादले तरी ‘बरं’. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात माझं एक काम पहिल्या फटक्यात बरं म्हटलं नाही, त्याच्याकडे आता दुसरा शब्दच नाही. हसावं की रडावं कळत नाही, म्हणून मी चिडते. डॉक्टर म्हणतात, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत.

घरामागचं वर्कशॉप आता माझ्यावर आहे. आम्ही एकच वस्तू करतो. मोजमापाच्या यंत्रांत लागणारे लांब स्क्रू. स्क्रू एक फेरा फिरला की यंत्राचं टेबल ठरलेलं अंतर पुढे गेलं पाहिजे, केसाच्या शंभराव्या भागाइतकंही कमी नाही, जास्त नाही. गिऱ्हाईकही एकच आहे, ती यंत्रं बांधणारा कारखाना. तिथे बाबांच्या स्क्रूची मोजणी करायचंही सोडून दिलं होतं. पेटी उघडायची आणि स्क्रू बसवायचा, एवढा विश्वास.

मी बाबांच्या हाताखाली केस पांढरे केले. आटे पॉलिश करायचे, साफ करायचे, पॅक करायचे, हे सगळं माझं. आटे कापायच्या मोठ्या लेथवर मला उभं राहू देत, पण ते स्वतः शेजारी असतानाच. आता शेजारी कोणी नाही. उद्यापासून मी आणि लेथ.

९ सप्टेंबर

दोन दिवस लेथ धुऊन काढतेय. काय ती घाण! लेथच्या मागच्या अंगाला लांबच्या लांब एक पत्रा ठोकलेला आहे. मी विचारलं की बाबा म्हणायचे, ‘तिथे काही नाही, तेल उडतं म्हणून लावलाय.’ आज तो काढला. खाली लेथच्या लांबीची एक लोखंडी पट्टी निघाली. तिच्यावर एक लहान दांडी टेकलेली, टोकाला बेअरिंग. कापायचं टूल धरणारं कॅरेज सरकलं की दांडी पट्टीवरून घसरत जाते. टेकू असावा कसला तरी.

आणि पट्टीची अवस्था? वरची कड इथे उंच, तिथे खोल, नुसते उंचवटे आणि खळगे, डोळ्यांना दिसतील एवढे. माझा विश्वासच बसेना. लहानपणी माझ्या वहीतली समासाची रेघ जरा तिरकी गेली तर पान फाडायला लावणारा हा माणूस. पडदा वाकडा लटकला तर जेवत नसे. आणि स्वतःच्या लेथवर असली झिजून खंगलेली पट्टी ठेवून वर पत्रा झाकतो! म्हातारपणी डोळे गेले असतील, आळसही आला असेल. मला मात्र सांगायचं, तेल उडतं.

१२ सप्टेंबर

पट्टी ग्राइंडिंगला देऊन आणली. अशी सरळ झालीय की त्यात तोंड पाहून घ्यावं. ग्राइंडिंगवाला म्हणाला, ‘ही झिजल्यासारखी वाटत नाही हो, कोणी कानशीने घासलीय.’ मी म्हटलं, तुम्ही घासा, शहाणपणा नको.

बसवण्याआधी बाबांना दाखवायला आत नेली. म्हटलं, ‘बघा बाबा, केली सरळ. तुमच्या लेकीने.’ त्यांनी डाव्या हाताने पट्टी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘बरं,’ म्हणाले. मग ‘बरं, बरं, बरं’ असं कितीतरी वेळ, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही भरून आलं. शाबासकी मिळायला माणूस असा आडवा व्हावा लागला, पण मिळाली.

दांडी आता लोण्यावरून सरकल्यासारखी सरकते.

२१ सप्टेंबर

पहिली पेटी गेली. सगळे स्क्रू मी एकटीने कापले. कोणी शेजारी नसताना.

बाबा हल्ली एक नवीनच चाळा करतात. डावा हात पलंगाच्या कडेवरून सरकवत नेतात. सरळ, सरळ, मग बोटं खाली उतरवतात, वर आणतात, पुन्हा सरळ, शेवटाकडे पुन्हा खाली. परत पहिल्यापासून. माझ्याकडे बघत बघत. मला वाटलं त्यांना गाणं ऐकायचंय, म्हणून रेडिओ आणून ठेवला. त्यांनी तो ढकलून पाडला. चादर बदलली. खिडकी उघडली. पंखा कमी केला. ‘बरं! बरं!’ असे ओरडले की शेजारीण डोकावली. लहान मूल परवडलं.

३ ऑक्टोबर

पेटी परत आली. अख्खी!

कारखान्यात नवा तपासनीस आलाय. कोवळा, चष्मा लावणारा. मी त्याचं नाव कीसकाढ्या ठेवलंय. स्वतः पेटी घेऊन आला आणि दारातच म्हणाला, ‘बाई, सगळे स्क्रू चुकलेत. मधोमध आटे किंचित लांब पडतात आणि शेवटाकडे पुन्हा.’ प्रत्येक स्क्रूवर त्याने तांबड्या रंगाच्या दोन खुणा केल्यात. मी विचारलं, ‘इतकी वर्षं आमचे स्क्रू मोजत नव्हतात, आताच का मोजलेत?’ तर म्हणतो, ‘मी नवीन आहे. मी मोजतो.’ बघा उद्धटपणा.

मी सगळे स्क्रू लेथच्या शेजारी लाकडी घोडीवर लावून पाहिले. सगळ्यांवर खुणा अगदी एका ओळीत. एका ओळीत! मी त्याला तिथल्या तिथे धरलं. म्हटलं, ‘अहो, वेगवेगळ्या सळ्या, वेगवेगळे दिवस, आणि रोग सगळ्यांना एकाच जागी? हा रोग माझ्या स्क्रूंना नाही, तुमच्या यंत्राला आहे. आधी ते मोजा.’ ‘तपासतो’ म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून गेला.

राग अजून उतरलेला नाही. लिहिताना रेघा वाकड्या जातायत. जाऊ देत.

५ ऑक्टोबर

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात स्फटिकांवर काम करते. काय काम करते हे मला दर वेळी नव्याने सांगते आणि मी दर वेळी नव्याने विसरते. तिला म्हटलं, पोलादातच दोष असेल का गं? तर उत्साहाने सुरूच झाली. म्हणे धातूच्या आत कणांच्या रांगा असतात, आणि त्यांतही स्क्रूसारखा एक दोष असतो. एका रेषेभोवती थर गोल फिरत फिरत वर चढतो, गोल जिन्यासारखा. आणि स्फटिक वाढतो तो त्या जिन्यामुळेच, नव्या कणाला टेकायला पायरी मिळते म्हणून. ‘आई, अगदी गुळगुळीत असता ना, तर कित्येक स्फटिक जवळजवळ वाढलेच नसते.’

मी म्हटलं, ‘छान. एवढं शिकून हेच हाती लागलं का, की दोष असलेला बरा?’

हसली. म्हणाली, ‘आणि यंत्रशास्त्रात तर कुठलीही हालचाल शेवटी स्क्रूचीच असते. एका रेषेभोवती थोडं फिरणं, त्याच रेषेवरून थोडं सरकणं. आजोबा म्हणायचे तसं.’ म्हटलं, तुझे आजोबा हल्ली नुसते त्याच त्या जागी फिरतात, सरकत काही नाहीत.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. ती सुटीला येणार आहे, पण थंडी संपताना.

१७ ऑक्टोबर

दुसरी पेटीही परत. कीसकाढ्याने दुसऱ्या यंत्रावर मोजलंय, तिसऱ्यावरही मोजलंय. मी पोलाद बदललं होतं, तेल बदललं होतं, टूल नवीन लावलं होतं. तरी तांबड्या खुणा त्याच जागी. तो या वेळी दारातच उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘बाई, मला तुमच्याशी वैर नाही. पण वरचे म्हणतात, एक संधी आणखी, नाहीतर स्क्रू बाहेरून मागवू.’ मला त्याचा हळू आवाज जास्त झोंबला. ओरडला असता तर ओरडता आलं असतं.

एकच गिऱ्हाईक. ते गेलं की हे वर्कशॉप म्हणजे लोखंड ठेवायची खोली.

संध्याकाळी बाबांना भरवताना त्यांनी पुन्हा तो हाताचा चाळा सुरू केला. वाटीतलं सगळं अंगावर. मी त्यांचा हात धरून खाली दाबला आणि म्हटलं, ‘पुरे! माझं डोकं ठिकाणावर नाही!’ त्यांनी हात सोडवून घेतला नाही. ‘बरं’ही म्हणाले नाहीत.

मला माहीत आहे मी वाईट वागले. पण मी तरी कोणाकडे बघायचं?

२० ऑक्टोबर

धाकटा येऊन गेला. माझा भाऊ, वर्कशॉपात अर्धा मालक, पण कपड्याला तेल लागू नये म्हणून दारातून बोलणारा. म्हणाला, ‘ताई, बाबांचा हात होता तोवर ठीक होतं. ती कला होती. ती त्यांच्याबरोबर गेली. लेथ विकून टाकू आणि तू सुटशील.’

‘त्यांच्याबरोबर गेली म्हणजे? ते आत पलंगावर आहेत!’

‘तुला कळतंय मला काय म्हणायचंय.’

कळतंय. चांगलंच कळतंय. मुलाचा हात असता तर उतरली असती म्हणे कला. मुलाने कधी हात लावला का? आणि बाईचा हात म्हणून चुकतोय काय? मी त्याला एवढं बोलले की तो चहाही न घेता गेला. जाताना म्हणाला, पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याला पाठवतो, नुसतं बघून जाईल.

बघून जा म्हणावं. भंगारवाला काय मुलगी बघायला येतोय!

२८ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहिते, रागाच्या भरात काही सुटायला नको.

भंगारवाला सकाळी आला. लेथला खडूने खुणा करू लागला, कुठून तोडायचा. चांगला माणूस आहे, लेथला उगाच लाथ वगैरे मारत नाही. पण खडू ओढल्याचा आवाज मला सहन होईना. मनात आलं, निदान बाबांना शेवटचं दाखवू. त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून मागे आणलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

त्यांनी भंगारवाल्याकडे पाहिलंच नाही. लेथच्या मागे जायची खूण केली. मी खुर्ची नेली. पट्टी उघडीच होती, पत्रा मी पुन्हा ठोकलाच नव्हता. बाबांनी हत्यारांच्या फळीवरची कानस ओढून घेतली, डाव्या हाताने, आणि माझ्या देखत त्या आरशासारख्या पट्टीवर घासायला लागले. कर्र, कर्र.

मी किंचाळलेच. ‘बाबा! काय करताय! सरळ केलीय मी ती!’ कानस हिसकावली. त्यांनी सोडली नाही. त्यांच्या डाव्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. भंगारवाला खडू धरून उभा. शेवटी मी हिसकावलीच आणि पट्टीवर किती ओरखडे पडले ते बघायला वाकले.

मधोमध एक जागा घासलेली. आणि शेवटाकडे एक, सुरुवात केलेली.

घोडीवर परत आलेले स्क्रू लेथशेजारी ओळीने होते, मीच लावलेले. मी पट्टीवरच्या ओरखड्यापासून सरळ समोर नजर नेली. समोर तांबडी खूण. दुसऱ्या ओरखड्यासमोर दुसरी तांबडी खूण.

बाबांनी खुर्चीच्या हातावरून हात सरकवला. सरळ, सरळ, खाली, वर, सरळ. मग खाली. माझ्याकडे बघत.

मी कॅरेजला डायल गेज लावला, बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारा. पट्टीवर टेकलेली ती दांडी, जिला मी टेकू म्हणत होते, तिच्याखाली कागदाचा तुकडा सरकवला. गेजचा काटा हलला. कॅरेज केसाच्या अंशाइतकं सरकलं होतं. कागद काढला, काटा मागे आला. पुन्हा घातला, पुन्हा हलला.

लेथच्या आतल्या लांब स्क्रूवरून कॅरेज ओढत नेणारा जो मोठा नट आहे, त्याला ही दांडी जोडलेली आहे. पट्टीच्या उंचवट्या-खळग्यांनी दांडी वरखाली झाली की नट जरासा फिरतो, आणि फिरला की टूल जरासं पुढे किंवा मागे सरकतं. लेथच्या पोटात जो मूळ स्क्रू आहे, ज्यावरून आम्ही बाकीचे सगळे कापतो, तो स्वतःच चुकलेला आहे. दोन जागी. आणि ही पट्टी बरोब्बर त्याच दोन जागी उलटी चुकवलेली होती.

चुकवलेली म्हणजे घडवलेली. ग्राइंडिंगवाल्याने सांगितलं होतं कानशीने घासलीय म्हणून.

भंगारवाल्याला म्हटलं, खडू पुसून जा.

२९ ऑक्टोबर

लाज वाटते का? वाटते. पण आधी संताप लिहिते, तो मोठा आहे.

हा मूळ स्क्रू बाबांनीच कापलाय. तरुणपणी, लेथ उभा करताना. त्याच्या टोकावर त्यांच्या हातची खूण आहे, ती मी लहानपणापासून बघतेय. तो चुकला. फेकून नवा कापणं जमलं नसेल, किंवा मन झालं नसेल. मग वर्षानुवर्षं एक कापायचा, मोजायचा, पट्टी घासायची, पुन्हा कापायचा. आणि वर पत्रा ठोकून द्यायचा. जगाने म्हणावं काय हात, काय लेथ! आणि घरात आम्हाला समासाच्या रेघेवरून पानं फाडायला लावायची!

जीभ चालत होती तेव्हा एक वाक्य सांगता आलं नाही? ‘पोरी, ही पट्टी मुद्दाम वाकडी आहे, हात लावू नको.’ एवढंच. मी परकी होते का? तेल उडतं म्हणे!

हे सगळं मी आज त्यांच्या पलंगाशी उभी राहून त्यांना बोलले. आवाज चढवून. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कानापर्यंत लाल झाले होते. बाबांना लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कळायला वेळ लागला. मग मी त्यांची चादर सारखी करून बाहेर आले.

ते अश्रू आनंदाचे नव्हते. पट्टी चाचपली होती ती शाबासकी नव्हती. हे मात्र मी त्यांना बोलले नाही.

११ नोव्हेंबर

कीसकाढ्याला सगळं सांगितलं. खरं तर सांगणार नव्हते, काहीतरी पोलादाचं सांगणार होते. पण तो स्वतःचं मोजायचं यंत्र घेऊनच आला, सुटीच्या दिवशी, म्हणाला वरच्यांकडून थोडा वेळ मागून घेतलाय. मग थाप मारवेना. पट्टी बघून चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, ‘हे कोणी केलं?’ मी खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बाबांना वाकून नमस्कार करायला गेला, तर बाबांनी त्याच्या हातातलं यंत्र उलटसुलट करून बघायला घेतलं. दोघांचं जमलं. माझं अजून नाही.

२ डिसेंबर

रोज तेच. मी कापते, मोजते, पट्टी काढते, बाबा खुर्चीतून बोट ठेवतात, मी घासते. जास्त घासलं तर मनगटावर चापट मारतात. या वयात! मीही एकदा ओरडले, ‘मग तुम्हीच करा!’ तर कानस मागायला हात पुढे. तीन बोटं रुंदीएवढं घासतात तेवढ्यात दमतात, मग मला परत देतात.

सरळ करायला एक सकाळ लागली होती. वाकडी करायला घेऊन महिना झाला, अजून संपत नाही.

१४ जानेवारी

एक स्क्रू पास. कीसकाढ्याने दोन्ही जागी मोजला आणि तांबड्या रंगाची बाटली न उघडताच खिशात ठेवली. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, ‘बघ, बाबांचा हात.’ मी फोन आपटला.

आपटल्यावर आठवलं की घासलं मीच होतं.

२ फेब्रुवारी

लेक आली. पिशवी ठेवायच्या आत तिला मागे नेलं. बाबाही खुर्चीत होते. म्हटलं, ‘हे बघ. ही पट्टी वाकडी आहे. इथे आणि इथे. हा आतला स्क्रू तुझ्या आजोबांनी कापलाय आणि तो चुकलाय. ही वाकडी म्हणून बाकीचे सरळ येतात. माझ्यानंतर इथे कोणीही उभं राहिलं तरी त्याला हे आधी सांगायचं. आणि कोणी सरळ करायला निघालं तर माझ्याकडे पाठव.’

लेक वाकून बघत राहिली. पट्टीवरून बोट फिरवलं. ‘आजोबा,’ म्हणाली, ‘हे किती सुंदर आहे.’

बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. रागाने लाल होऊन कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. तिथे तो पत्रा भिंतीला टेकून ठेवलेला. बोट पत्र्याकडे, मग पट्टीकडे. पुन्हा पत्र्याकडे. मला अगदी स्पष्ट कळलं. पूर्वीही कळलं असतं, बघितलं असतं तर.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘झाकायचं नाही आता.’

बाबांचं बोट बराच वेळ तसंच राहिलं. मग हात मांडीवर आला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती अजून पट्टीवरून बोट फिरवत होती, सरळ, सरळ, खाली, वर.

‘बरं,’ ते म्हणाले.

भंगारवाल्याला निरोप धाडलाय. उद्या येऊन पत्रा घेऊन जाईल.